नाना शंकरशेठ : कायदेमंडळातली पहिली खुर्ची

कल्याण स्टेशनात उतरून मुरबाडची एस.टी. धरणारी मंडळी आपल्यात पुष्कळ असतील. कुणी बाजाराला गेला असेल, कुणी कचेरीत दाखला काढायला, तर कुणी गुरुजी नव्या शाळेवर रुजू व्हायला. त्या रस्त्याने जाताना एक गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. ज्या आगगाडीने आपण कल्याणला उतरलो, ती या देशात आणण्यासाठी धडपडलेल्या माणसांत एक माणूस याच मुरबाडात जन्मला होता. त्याच्या हयातीत मुरबाडला काही रेल्वे आली नाही. ती ठाण्याला आली, कल्याणला आली आणि तिथून घाट चढून वर गेली.

या माणसाचे नाव जगन्नाथ शंकरशेठ मुरकुटे. लोक त्यांना नाना म्हणत. मुंबईत गिरगावच्या मुख्य रस्त्याला त्यांचे नाव आहे आणि नाना चौक हा त्यांचाच. शाळा, रेल्वे, दवाखाने, संग्रहालय अशी त्यांच्या कामाची यादी मोठी आहे. पण आज मला ती यादी वाचून दाखवायची नाही. मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात १८६२ साली जे पहिले हिंदी सभासद बसले, त्यांत नाना एक होते. ती खुर्ची कशी होती, तिच्यावर बसून काय करता येत होते आणि काय येत नव्हते, आणि तिथवर पोचण्याआधी नानांनी कोणती चाळीस वर्षे घातली, एवढेच आज पाहू या. आपण आज ग्रामपंचायतीपासून विधानसभेपर्यंत मते देतो. ज्या काळी मताचा कागदच नव्हता, त्या काळी लोकांच्या वतीने बोलणारा माणूस कसा तयार झाला, हे कळून घेण्यासारखे आहे.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ चा. त्याआधी जेमतेम एक्केचाळीस दिवस, ३१ डिसेंबर १८०२ ला, दुसऱ्या बाजीरावाने वसईला इंग्रजांशी तह केला होता. वसई तेव्हाच्या कोकणपट्टीतलीच. म्हणजे इकडे मुरबाडात पाळणा हलत होता आणि तिकडे वसईत पेशवाईचा पाया हलला होता. नाना पंधरा वर्षांचे झाले तोवर पेशवाई बुडाली आणि सगळा मुलूख कंपनी सरकारकडे गेला. नव्या राज्याशी बोलायचे कसे, हा प्रश्न त्या पिढीच्या पुढ्यात आपोआपच येऊन पडला.

मुरकुटे घराणे दैवज्ञ समाजातले, मुंबईत व्यापारात नावारूपाला आलेले. आई भवानीबाई नानांच्या लहानपणीच गेल्या. १८२२ मध्ये वडील शंकरशेठ वारले आणि एकोणीस वर्षांच्या पोराच्या अंगावर सारा कारभार पडला. पेढीची पत अशी, की अरब आणि अफगाण व्यापारी आपला माल-पैसा बँकेत ठेवण्याऐवजी नानांकडे ठेवीत. पत म्हणजे दुसरे काय हो? हा माणूस बोलला तर पाळील, असा चार लोकांचा भरवसा. पैसा त्या काळी मुंबईत पुष्कळांजवळ होता. नानांनी हा भरवसा पेढीबाहेर, सार्वजनिक कामात आणला, आणि इथून खरी गोष्ट सुरू होते.

पहिले काम शाळांचे. त्या काळी मराठीत छापलेले शाळेचे पुस्तक ही दुर्मिळ वस्तू होती. पंतोजी मुलांना धुळाक्षरे गिरवायला लावीत, परवचा म्हणवून घेत आणि मोडी शिकवीत. गव्हर्नर एल्फिन्स्टन साहेबांच्या वेळी, १८२२ च्या सुमारास, मुंबईत एतद्देशीयांसाठी शाळा काढणारी आणि पुस्तके तयार करणारी संस्था उभी राहिली. सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे तिचे चिटणीस होते आणि नाना तिच्या आधारस्तंभांपैकी. एल्फिन्स्टन साहेब १८२७ मध्ये निघून गेले तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ लोकांनी वर्गणी जमवली. तिच्यातून पुढे एल्फिन्स्टन कॉलेजचा पाया घातला गेला. त्या खटपटीतही नाना होतेच.

१८४० मध्ये सरकारने शिक्षणासाठी एक मंडळ नेमले. त्याला बोर्ड ऑफ एज्युकेशन म्हणत. त्यात काही सभासद सरकारचे, आणि तीन हिंदी सभासद या शिक्षणसंस्थेने पाठवलेले. नाना त्या तिघांत होते. श्रोतेहो, हे जरा ध्यानात ठेवा. कायदेमंडळात लोकांनी निवडलेला माणूस जायला अजून पुष्कळ वर्षे होती. पण शाळांच्या कारभारात मात्र एका संस्थेने आपली माणसे पाठवली होती. आपल्याकडे प्रतिनिधी या शब्दाला अर्थ येऊ लागला तो असा शाळेच्या दारातून.

याच बोर्डात १८४७ च्या सुमारास एक मोठा वाद झाला. आमच्या गुरुजी मंडळींनी तो जरूर ऐकावा. बोर्डाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी. हे मोठे न्यायाधीश. त्यांचे म्हणणे असे, की वरचे शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे. थोड्यांना चांगले शिकवले की ज्ञान हळूहळू खाली झिरपेल. दुसऱ्या बाजूला कर्नल जर्व्हिस. या साहेबाने मराठीतून गणिताची पुस्तके तयार करवली होती, त्यामुळे मराठीत काय शिकवता येते ते त्याला पुरते ठाऊक होते. त्याच्या बाजूला तिघे हिंदी सभासद उभे राहिले : जगन्नाथ शंकरशेठ, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा. एक हिंदू, एक पारशी, एक मुसलमान. तिघांचे म्हणणे एकच.

नानांनी आपले मत लेखी नोंदवले. त्याचा मतितार्थ असा : पश्चिम हिंदुस्थानातल्या लोकांपर्यंत उपयुक्त ज्ञान पोचवायचे असेल, तर त्याला देशी भाषा अधिक सोयीच्या आहेत. इंग्रजी शिकू नये असे माझे म्हणणे नाही. ज्याला सवड आहे, हौस आहे, त्याने ती अवश्य शिकावी. पण सगळ्या लोकांना इंग्रजी येईल तेव्हा ज्ञान मिळेल, असे म्हटले तर बहुतेकांना ते कधीच मिळणार नाही.

नाना स्वतः साहेबांच्या बैठकीत उठबस करणारे. इंग्रजी शिक्षणाचा फायदा सगळ्यांत आधी त्यांच्याच वर्गातल्या मुलांना मिळणार होता. तरी मत दिले ते ज्याच्या मुलाला कॉलेजचे दार कधी दिसणार नव्हते, त्याच्या बाजूने. वाद पुरता जिंकला असे म्हणता येणार नाही, कारण वरच्या शिक्षणात इंग्रजीच राहिली. परंतु १८५४ मध्ये विलायतेहून शिक्षणासंबंधी जो खलिता आला, ज्याला वुडचा खलिता म्हणतात, त्यात सामान्य लोकांचे शिक्षण देशी भाषांतून व्हावे हे तत्त्व मान्य झाले. गावोगाव ज्या मराठी शाळा पुढे निघाल्या, त्यांच्या मागे हा झगडा आहे.

मुलींच्या शाळेची गोष्टही अशीच. पुण्याला जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली. मुंबईला त्याच्या पुढच्याच वर्षी, १८४९ मध्ये, कॉलेजातल्या तरुणांच्या सभेने मुलींच्या शाळा सुरू केल्या. या तरुणांत दादाभाई नौरोजी होते. पण शाळा भरवायची कुठे? मुलीने अक्षर गिरवले तर घरावर संकट येते असे मानणारे लोक होते. जागा कोण देणार? नानांनी गिरगावात आपल्या वाड्यातली जागा दिली. शेठ माणसाच्या वाड्यात शाळा भरते म्हटल्यावर नावे ठेवणाऱ्यांचा आवाज जरा खाली येतो, हा व्यवहार नानांना चांगला कळत होता.

आता रेल्वेकडे वळू. १८४५ मध्ये मुंबईच्या व्यापाऱ्यांनी आगगाडीसाठी एक मंडळ काढले. त्यात सर जमशेटजी जीजीभाई यांच्याबरोबर नाना होते. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी निघाली, तिच्या इथल्या संचालकांतही नाना होते. १६ एप्रिल १८५३ ला दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून ठाण्याला पहिली उतारूंची गाडी सुटली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे, पुढे तीन इंजिने, वर एकवीस तोफांची सलामी. अंतर एकवीस मैल, म्हणजे आजचे चौतीस किलोमीटर. त्या पाहुण्यांत नाना बसलेले होते. वय वर्षे पन्नास. पुढच्या वर्षी, १ मे १८५४ ला, गाडी खाडी ओलांडून कल्याणपर्यंत आली. कल्याणपासून एक फाटा थळ घाटाकडे गेला आणि एक बोर घाटाकडे. डोंबिवली तेव्हा एक खेडे होते. आज त्या रुळांवरून रोज कामाला जाणाऱ्या माणसांची केवढी दाटी असते, ते डोंबिवलीकरांना वेगळे सांगायला नको.

शाळा झाली, रेल्वे झाली. पण राज्यकारभारात आपल्या माणसाला विचारतो कोण, हा प्रश्न तसाच होता. २६ ऑगस्ट १८५२ ला मुंबईत बाँबे असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. या इलाख्यातली ही पहिली राजकीय संस्था. नाना तिचे अध्यक्ष झाले. दादाभाई नौरोजी, डॉक्टर भाऊ दाजी, नवरोजी फर्दुनजी ही तरुण मंडळी त्यांच्याबरोबर होती. कंपनी सरकारच्या सनदेची मुदत संपत आली होती. ती संधी साधून असोसिएशनने विलायतेच्या पार्लमेंटकडे अर्ज धाडला. कायदे करणाऱ्या मंडळात इथल्या लोकांना जागा द्या, वरच्या नोकऱ्यांतून त्यांना वगळू नका, साहेबांच्या बिनकामाच्या मोठ्या पगारांवर उधळपट्टी करू नका, असा त्या अर्जाचा सूर होता.

अर्जाचे काय झाले? १८५३ च्या कायद्याने कलकत्त्याला कायदे करणारे मंडळ बसले, पण त्यात हिंदी माणूस एकही नव्हता. पुढे १८५७ चे बंड झाले. त्या गडबडीत खुद्द नानांवर सरकारचा संशय गेला, चौकशी झाली. पण पुरावा काही सापडला नाही आणि ते त्यातून निर्दोष सुटले. म्हणजे बघा, ज्याला बरोबर घेऊन शाळा चालवायच्या, ज्याला आगगाडीत मानाने बसवायचे, त्याच्यावरच वेळ आली की नजर ठेवायची, अशी त्या राज्याची रीत होती. नानांनी तरी काम सोडले नाही.

बंडानंतर सरकारला एक शहाणपण सुचले, की लोकांच्या मनात काय चालले आहे हे कळायला आपल्याजवळ काही साधनच नाही. १८६१ मध्ये पार्लमेंटने कौन्सिलांचा कायदा केला. मुंबईच्या गव्हर्नराने कायदे करताना आपल्या कौन्सिलात अॅडव्होकेट जनरलखेरीज चार ते आठ जादा सभासद घ्यावेत, आणि त्यांतले निदान अर्धे सरकारी नोकर नसावेत, असे ठरले. २२ जानेवारी १८६२ ला मुंबईच्या टाउन हॉलमध्ये या कौन्सिलाची पहिली बैठक भरली. अर्ज धाडल्याला दहा वर्षे होत आली होती. नाना तेव्हा साठीच्या घरात आलेले.

आता ही खुर्ची होती तरी कशी? पहिली गोष्ट, सभासद नेमलेला होता, निवडलेला नव्हता. गव्हर्नराच्या मर्जीने तो येई आणि दोन वर्षांसाठी येई. दुसरी गोष्ट, पुढे आलेल्या कायद्याच्या मसुद्यावरच तो बोलू शके. सरकारला प्रश्न विचारण्याचा अधिकार नाही. जमाखर्चाच्या अंदाजपत्रकावर बोलण्याचा अधिकार नाही. सारा किती घेता आणि कुठे खर्च करता, हे विचारण्याची सोय नाही. हे थोडेसे हक्क यायला १८९२ चा कायदा व्हावा लागला. आणि मंजूर झालेला कायदाही वरून गव्हर्नर जनरलांची संमती मिळाल्यावाचून लागू होत नसे.

याच काळात अमेरिकेत काय चालले होते, ते पाहिले म्हणजे फरक कळतो. तिथे प्रत्येक राज्याचे स्वतःचे कायदेमंडळ होते आणि सभासद मते मागून येत. अब्राहम लिंकन यांचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. ते नानांहून सहा वर्षांनी लहान. पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, पण त्यांची सुरुवात इलिनॉय राज्याच्या कायदेमंडळात झाली. १८३२ मध्ये ते उभे राहिले आणि पडले. १८३४ मध्ये पुन्हा उभे राहिले आणि निवडून आले. शेतकऱ्यांच्या दारी जाऊन त्यांना मत मागावे लागले. अर्थात तिथेही सगळे गोड नव्हते. काळ्या माणसाला तिथे मत नव्हते आणि बायकांनाही नव्हते. लिंकन १८६५ च्या एप्रिलात गेले, नाना त्याच वर्षी ३१ जुलैला. दोघेही आपापल्या प्रांताच्या कायदेमंडळात बसलेले. पण एकाला लोकांनी पाठवले होते आणि दुसऱ्याला सरकारने बोलावले होते.

मग तुम्ही म्हणाल, सरकारने बोलावलेल्या माणसाचे एवढे कौतुक कशाला? रास्त प्रश्न आहे. त्याचे उत्तर असे, की त्या खुर्चीत स्वतःचे बळ फार थोडे होते. जे बळ होते ते नाना आपल्याबरोबर घेऊन गेले होते. सोनापूरच्या स्मशानाचे उदाहरण घ्या. गिरगावाजवळचे हे हिंदूंचे स्मशान तिथून उठवून लांब शिवडीला न्यावे असे सरकारच्या मनात होते. घरात माणूस गेलेले, हाती पैसा नाही आणि खांद्यावरून कोसच्या कोस जायचे, हे गरिबाला कसे जमावे? नाना मध्ये पडले आणि स्मशान जागच्या जागी राहिले. हे काम कुठल्या खुर्चीच्या अधिकारावर झाले नाही. हा माणूस उगीच बोलत नाही आणि बोलला तर त्याच्या पाठीशी लोक असतात, हे सरकारला माहीत होते म्हणून झाले.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर गोष्ट अर्धीच राहील. त्या पहिल्या कौन्सिलात बसलेली हिंदी मंडळी कोण होती? सरदार, नवाब, मोठे व्यापारी. मुरबाड-शहापूरचा भातशेती करणारा कुणबी त्यात नव्हता. जंगलपट्टीतला ठाकूर, कातकरी, वारली नव्हता. खाडीवरचा कोळी, आगरी नव्हता. पुढे १८८२ मध्ये शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर कमिशन बसले, तेव्हा जोतीराव फुल्यांनी त्याच्यापुढे हेच ठणकावून मांडले : सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या शिक्षणावर, आधी सर्वांना प्राथमिक शिक्षण द्या. नानांनी १८४७ मध्ये देशी भाषेचा आग्रह धरला, तो रस्ता बरोबर होता. पण त्या रस्त्यावर खालचा माणूस स्वतः बोलायला उभा राहिला तो फुल्यांच्या रूपाने.

आणि नेमलेल्या खुर्चीचे पुढे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. १९२३ मध्ये रावबहादूर सी. के. बोले यांनी याच मुंबई कायदेमंडळात ठराव मांडला, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्य मानलेल्या लोकांना मोकळ्या असाव्यात. ठराव पास झाला, पण कागदावर राहिला. १९२७ मध्ये डॉक्टर आंबेडकर हजारो लोकांना घेऊन महाडच्या चवदार तळ्यावर गेले तेव्हा त्या कागदात जीव आला. त्याच सुमारास आंबेडकर स्वतः मुंबईच्या कायदेमंडळात आले होते, तेही सरकारनियुक्त म्हणूनच. पुढे १९३७ मध्ये ते निवडून आले आणि कोकणातली खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी मांडले. सभागृहातला ठराव आणि तळ्याकाठचे लोक, दोन्ही लागतात. एक असून दुसरे नसेल तर काम अडते.

म्हणून नानांच्या आयुष्याकडे पाहताना मला त्या तीन-साडेतीन वर्षांच्या कौन्सिलापेक्षा आधीची चाळीस वर्षे मोठी वाटतात. शाळेची पुस्तके, बोर्डातले मत, वाड्यातली मुलींची शाळा, रेल्वेची खटपट, पार्लमेंटला धाडलेला अर्ज. यांतल्या एकाही कामासाठी त्यांनी खुर्चीची वाट पाहिली नाही. खुर्ची आली ती मागाहून, आणि आली तेव्हा तिच्यात बसायला माणूस तयार होता.

नाना गेल्यावर त्यांच्या नावाने संस्कृतची शिष्यवृत्ती सुरू झाली. मॅट्रिकला संस्कृतात पहिला येणाऱ्याला जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळे आणि तिची मोठी प्रतिष्ठा असे. १९१२ मध्ये ती चिंतामणराव देशमुखांनी पटकावली. हेच पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झाले. ज्या टाउन हॉलमध्ये कौन्सिलाची पहिली बैठक भरली, तिथेच नानांचा संगमरवरी पुतळा आहे. मुंबईला गेलात तर अवश्य पाहा.

जाता जाता गुरुजींना एक सुचवतो. आपल्या गावची शाळा कोणत्या साली निघाली, पहिली जागा कुणी दिली, पहिले गुरुजी कोण होते, पहिली मुलगी शाळेत कधी आली, हे मुलांना गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून विचारून आणायला सांगा. शाळेच्या जुन्या दप्तरातही पाहा. वहीवर उतरवून ठेवा. कुणाची ओसरी, कुणाचा गोठा, कुणी दिलेले चार वासे, अशी नावे निघतील. त्यांतले बहुतेक लोक कोणत्याही सभागृहात बसलेले नसतील. तरी मुलांना नागरिकशास्त्राचा पहिला धडा त्याच वहीतून द्यावा, आणि त्यानंतर मुरबाडच्या नानांची गोष्ट सांगावी.